छाटणी कोणी आणि कशी करायची, हे परवानगीपत्रात लिहा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की शहरात किती झाडे पडली, किती वाहने चेपली आणि कोणता रस्ता किती वेळ बंद राहिला, याची बातमी आपल्या वृत्तपत्रात दरवर्षी येते, आणि ती यायलाच हवी. मात्र पडलेल्या झाडाची मागच्या काही वर्षांत छाटणी झाली होती का, ती कोणी केली, कोणत्या फांद्या काढल्या आणि काप कुठे घेतला, याचा उल्लेख त्या बातमीत कधी नसतो. झाड पडण्याचे कारण पुष्कळदा तिथेच असते. पश्चिम महाराष्ट्रातील एका मोठ्या शहरात झाडांची छाटणी करणे, धोकादायक फांद्या दोराने उतरवणे, वठलेली झाडे काढणे आणि पावसाळ्यात पडलेली झाडे हटवणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे: झाडाची छाटणी करण्याची परवानगी देताना ती कशी करायची आणि कोणी करायची, हेही त्या परवानगीपत्रात लिहिलेले असावे.

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे, आणि त्यात झाड तोडणे या संज्ञेत झाड कापणे व जाळणे यांबरोबर झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणे याचाही समावेश आहे. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण दिले आणि एक झाड काढायचे तर त्याच्या वयाच्या संख्येइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आणले. झाड काढण्याचा अर्ज आला की झाडावर सूचना चिकटवली जाते, हरकती मागवल्या जातात, पाहणी होते. या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. छाटणीची जी परवानगीपत्रे माझ्या हाती येतात, त्यांत झाडाची जात, संख्या, पत्ता आणि ‘फांद्यांचा विस्तार कमी करणे’ एवढाच मजकूर असतो. विस्तार किती कमी करायचा, कोणत्या बाजूचा, किती जाडीची फांदी काढायची, याबद्दल त्यात एक ओळही नसते. त्या एका कागदाच्या आधारे एखादा जाणकार माणूस चार फांद्या काढील आणि दुसरा कोणी झाडाचा नुसता खुंट उभा ठेवील. कागदोपत्री दोघांचेही काम नियमातच बसते.

सोसायटीच्या आवारात पाहणीला गेलो की बहुतेक ठिकाणी पहिले वाक्य ठरलेले असते, “वरून निम्मं मारून टाका, म्हणजे चार वर्षं बघायला नको.” हे सांगणाऱ्या काकांचा हेतू वाईट नसतो, झाड उंच झाले म्हणजे ते धोकादायक झाले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते आणि खाली नातवंडे खेळत असतात. पण शेंडा उडवलेल्या झाडाला पुढच्याच पावसाळ्यात कापाच्या कडेने झुपकेदार फुटवे येतात. मूळ फांदी खोडाच्या लाकडात खोलवर रुजलेली असते, तर हे फुटवे केवळ सालीलगतच्या वरच्या थरातून निघालेले असतात. झाडाची पाने एकदम गेलेली असतात, त्यामुळे ती भरून काढण्यासाठी ते झपाट्याने वाढतात. तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे, पुढे मांडीएवढे जाड होतात, आणि दरम्यान ज्या कापावर ते उभे असतात तो काप पावसाच्या पाण्याने आतून कुजलेला असतो. वाऱ्यात जी फांदी समूळ उखडून गाडीवर पडते, ती पुष्कळदा अशीच फुटव्याची फांदी असते. ज्या भीतीपोटी झाड निम्मे केले, तीच भीती पाच-सहा वर्षांत दुप्पट होऊन समोर उभी राहते, आणि मग पुन्हा मलाच दूरध्वनी येतो.

झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही, हे या व्यवसायातले सगळ्यांत महत्त्वाचे सत्य आहे. अमेरिकेच्या वनविभागातील संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि झाड जखमेभोवती आतून भिंती उभारून कुजलेला भाग कोंडून टाकते, हे दाखवून दिले. कुजलेले लाकूड पुन्हा निरोगी होत नाही. नवे लाकूड त्याच्यावरून वाढते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर, सुरकुतलेली कड असते. झाडाची ही भिंत उभारण्याची ताकद त्या कडेत असते. काप तिच्या जरा बाहेर घेतला, तर काही वर्षांत चारही बाजूंनी साल वळून येते आणि तोंड बंद होते. कड कापून खोडाशी सपाट काप घेतला तर कूज थेट खोडात उतरते, आणि हातभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजीला वाट करून देतो. जड फांदी एका कापात कधीच काढायची नसते. खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर खालून फांदीच्या जाडीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका काप घ्यायचा, मग त्याच्या थोडे बाहेर वरून काप घेऊन फांदी सोडायची, आणि शेवटी उरलेला खुंट कडेबाहेरून अलगद काढायचा. खालचा काप न घेता वरून करवत चालवली, तर फांदी अर्धवट तुटून खाली येताना खोडाची साल लांबवर सोलत नेते. आपल्या रस्त्यांवरच्या कोणत्याही दहा झाडांच्या खोडांकडे पाहिले, तर अशा सोललेल्या पट्ट्या आपल्यालाही ओळखता येतील. त्यावर डांबर, गेरू किंवा ऑइलपेंट फासून काहीही साधत नाही. रंगाखाली ओल कोंडते, एवढेच.

जातीजातीचे स्वभाव वेगळे असतात आणि तेही या कामात ठाऊक असावे लागतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. दोन्ही झपाट्याने वाढतात, दोघांचा विस्तार आडवा असतो, आणि गुलमोहराचे लाकूड ठिसूळ. शेवगा आणि जांभूळ यांची फांदी दिसायला भक्कम असली तरी पाय देताच कचकन मोडते, हे खेड्यातल्या पोरांनाही माहीत असते. चिंच इतकी चिवट की करवतीची साखळी दुपारपर्यंत बोथट होते. आंब्याचा चीक अंगावर उडाला तर कातडी भाजते. वडाचे तर मोठेच दुःख आहे. रस्त्यावर लोंबतात, बसला घासतात म्हणून त्याच्या पारंब्या सर्रास छाटल्या जातात. पण जमिनीला टेकलेली पारंबी पुढे खोडासारखी जाड होऊन आडव्या फांदीला खालून आधार देते. पारंब्या टेकूच द्यायच्या नाहीत आणि फांद्या मात्र पंचवीस-तीस फूट आडव्या जाऊ द्यायच्या, मग वादळात वड फाटला की त्याला जुनाट ठरवायचे, हे मला फार अन्यायाचे वाटते. वटपौर्णिमेला बाजारात विकायला येणाऱ्या फांद्याही कुठल्यातरी वडाला ओरबाडूनच आणलेल्या असतात, याचाही विचार श्रद्धाळू भगिनींनी करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

प्रत्यक्ष कामाचा दिवस कसा असतो, हे वाचकांना सांगायला हवे, कारण त्यावाचून माझ्या मागणीचे कारण नीट कळणार नाही. परवानगीची प्रत खिशात ठेवल्याशिवाय आम्ही झाडाला हात लावत नाही. करवतीचा आवाज आला की कोणीतरी जागरूक नागरिक येतो, चित्रीकरण करतो, कधी पोलिसांना बोलावतो. मला त्याचा राग येत नाही, उलट असे लोक आहेत म्हणून शहरात झाडे उरली आहेत. खरी अडचण त्याआधीची असते. आदल्या संध्याकाळी सूचना लावूनही झाडाखालच्या दोन-तीन गाड्या हललेल्या नसतात आणि एकाचा मालक परगावी असतो. फांद्यांतून वीजवाहिनी जात असेल तर पुरवठा बंद करून घ्यावा लागतो. त्यासाठीचा अर्ज वेगळा, त्याची तारीख वेगळी, आणि झाडाच्या परवानगीची मुदत त्यासाठी थांबत नाही. भर म्हणून इंटरनेट आणि टीव्हीच्या केबल खांबांऐवजी थेट झाडांना गुंडाळलेल्या असतात. त्यांतली कोणती चालू आहे आणि कोणती मेलेली, हे कोणालाच ठाऊक नसते, आणि एक तुटली तरी संपूर्ण इमारत आमच्याभोवती गोळा होते. आग्या मोहोळ किंवा कावळ्याचे घरटे दिसले तर त्या बाजूचे काम थांबवावेच लागते.

झाडावर चढणारा गडी कमरेला पट्टा आणि वर दोर बांधून चढतो. करवत चालू करण्याआधी त्याने दोन ठिकाणी बांधलेले असले पाहिजे, कारण करवतीने एक दोर कापला गेला तर दुसऱ्याने त्याला धरायचे असते. फांदी मोठी असेल तर तिला वेगळा दोर लावून, तो वरच्या भक्कम बेचक्यातून आणून खाली खोडाला वेढे देतात, आणि खालचा माणूस वेढ्यांच्या घर्षणावर फांदी हळूहळू सोडतो. १ फूट जाडीचा आणि १० फूट लांबीचा ओला ओंडका २०० किलोच्या घरात जातो. तो मोकळा सोडला तर खालची फरशी, कंपाउंडची भिंत आणि कौले यांतले काहीच वाचणार नाही. म्हणून खाली दोर धरणारा माणूस वर चढणाऱ्याइतकाच अनुभवी लागतो. त्याने एक वेढा कमी दिला तर दोर त्याचे तळहात भाजून काढतो, आणि एक जास्त दिला तर फांदी मध्येच अडकून झोका घेत चढलेल्या माणसाकडे येते. दोघांना एकमेकांची हाक करवतीच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या असतात. हे सगळे शिकवणारे वर्ग आपल्याकडे माझ्या पाहण्यात नाहीत; एक गडी दुसऱ्याकडून पाहून शिकतो. जो नीट शिकत नाही तो पडतो.

अशा माणसाला मजुरी किती मिळावी, याचा हिशेब आपल्याकडे हमालीच्या दराने होतो. विम्याची अवस्था आणखी बिकट आहे. उंचीवर करवत घेऊन काम करणारा माणूस म्हटले की विमा कंपनीचा प्रतिनिधी अर्ज बाजूला सारतो, किंवा जी पॉलिसी देतो तिच्यात नेमके उंचीवरून पडणे वगळलेले असते. नारळाच्या झाडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा ही अपघात विमा योजना आहे. मग शहरातल्या पर्जन्यवृक्षावर चढणाऱ्यासाठी तसेच काही का असू नये? जो ठेकेदार विमा, शिरस्त्राण, पट्टे, चांगले दोर आणि दोन जास्तीची माणसे यांचा खर्च धरून दर देतो, त्याचा दर साहजिकच जास्त येतो. समोरचा नुसत्या सुती दोरावर अनवाणी गडी चढवतो आणि निम्म्या दरात काम घेतो. परवानगीपत्रात कोणी काम करायचे याची अट नसल्यामुळे ते काम त्यालाच मिळते, आणि त्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, कारण त्याच्याकडून तेवढेच मागितले गेलेले असते.

दर आणि लाकूड यांचा संबंधही वाचकांनी समजून घ्यावा. “लाकूड तुम्हीच न्या, पैसे कशाला?” असे अनेकांचे म्हणणे असते. हे म्हणणे ज्या ठेकेदाराने मान्य केले, त्याची नजर त्या क्षणापासून धोकादायक फांदीवरून हटून जाड फांदीवर जाते. जी फांदी वखारीत वजनावर विकली जाईल तीच तो काढणार, मग ती निरोगी का असेना. सुकलेल्या बारीक काटक्या, ज्या खऱ्या अर्थाने पडण्याचा धोका असतो, त्या तशाच राहतात. शिवाय लाकडाला पूर्वीसारखा उठावही नाही. आंब्याच्या ओंडक्याच्या फळ्या होतात, बाभळीला जळण म्हणून मागणी असते. गुलमोहराचे लाकूड फारसे कोणी घेत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण त्यामुळे तिथल्या छाटणीच्या लाकडाचे एक मोठे गिऱ्हाईक कमी होणार, हेही खरे. पाल्याची तर वेगळीच कथा. एका मध्यम पर्जन्यवृक्षाच्या छाटणीतून टेम्पोच्या टेम्पो पाला निघतो, तो उतरवून घ्यायला जागा मिळत नाही, आणि मग कोणीतरी रात्री नदीकाठी ओततो. प्रत्येक प्रभागात फांद्यांचा भुसा करणारे एक यंत्र आणि खतासाठी एक मोकळा कोपरा मिळाला, तर हाच पाला त्याच झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून परत टाकता येईल.

छाटणीची वेळ हाही असाच दुर्लक्षिलेला विषय आहे. पाऊस तोंडावर आला की सगळ्या सोसायट्या एकाच पंधरवड्यात जाग्या होतात. मे महिन्यात गुलमोहर नुकताच फुललेला असतो, बहुतेक झाडांनी साठवलेले अन्न नव्या पालवीवर खर्च केलेले असते, आणि कावळ्यांची घरटी भरलेली असतात. त्याच वेळी सावली काढून घेतली की आतापर्यंत झाकलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते आणि तडकते. हिवाळ्यात, घाई नसताना, पाहून-सवरून केलेले काम झाडाला आणि माणसाला दोघांना सोसते. पावसाळ्यात ओल्या सालीवर आणि ओल्या दोरावर आम्ही चढतो ते केवळ आणीबाणी म्हणून. पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा अधिक धोकादायक असते, हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यात काम केलेल्या कोणालाही विचारावे. एकमेकांवर कोसळलेल्या झाडांत कोणती फांदी ताणाखाली वाकलेली आहे हे न ओळखता करवत लावली, तर ती सुटून माणसाला फेकून देते.

मुळांबद्दल थोडक्यात लिहितो. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे पसरलेली असतात. गटार, केबल किंवा पदपथ यांसाठी चर खणताना ती एका बाजूने सरळ कापली जातात, आणि वर बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे १ मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचे आदेश दिले होते. आपल्या शहरांतही बुंध्याभोवती तेवढी माती मोकळी ठेवली, तर माझ्यासारख्यांचे पावसाळ्यातले काम बरेच कमी होईल, आणि ते कमी झालेले मला आवडेल.

म्हणून माझे वृक्ष प्राधिकरणांना आणि नगरविकास विभागाला कळकळीचे सांगणे असे की छाटणीच्या परवानगीपत्राचा नमुना बदलावा. त्यात काढायच्या फांद्या खडूने खूण करून छायाचित्रासह दाखवाव्यात, एका वेळी पानांच्या एकूण विस्ताराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये असे लिहावे, आणि शेंडा मारण्यास स्पष्ट मनाई करावी. काम करणाऱ्या चमूकडे अपघात विमा आणि सुरक्षेची साधने असल्याचा पुरावा अर्जासोबत जोडणे बंधनकारक करावे. काम झाल्यावर कापाची छायाचित्रे घेऊन पाहणी व्हावी, आणि कामाचा दर लाकडाच्या मोबदल्यात ठरवू नये. झाडावर चढून दोराने फांदी उतरवण्याचा तीन-चार महिन्यांचा अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये सुरू करता येईल. शिकवायला माझ्यासारखे कितीतरी जण आनंदाने येतील. सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनीही दरपत्रके मागवताना फक्त आकडा न पाहता कोणती फांदी कुठून कापणार हे लेखी मागावे. जो ते लिहून देऊ शकत नाही, त्याला झाडाजवळ जाऊ देऊ नये.

पावसाळा सरला की पुढच्या हंगामाच्या छाटणीचे अर्ज ऑक्टोबरपासून यायला लागतात. नवा नमुना त्याआधी निघाला, तर येत्या हिवाळ्यातली कामे त्यानुसार करता येतील, आणि त्यासाठी लागणारी माहिती, छायाचित्रे व प्रात्यक्षिक विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक वृक्षछाटणी व्यावसायिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)